'मॅड मॅक्स २' की 'फ्युरी रोड': संकलनाच्या टेबलावरून एक उत्तर

विचारलेला प्रश्न असा आहे. १९७९, १९८१ आणि १९८५ मध्ये 'मॅड मॅक्स' मालिकेतील तीन चित्रपट आले आणि त्यानंतर थेट २०१५ मध्ये, म्हणजे तीस वर्षांच्या खंडानंतर, दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' सादर केला, हा चौथा चित्रपट आधीच्या तिघांच्या, विशेषतः चाहत्यांच्या लाडक्या 'मॅड मॅक्स २' च्या, तोडीचा मानावा का? प्रश्नकर्त्याने दोन्ही बाजूंचे म्हणणेही दिले आहे. जुन्यांची बाजू घेणारे म्हणतात की मालिकेचा नायक मॅक्स स्वतःच्याच कथेत पाहुणा झाला, मेल गिब्सन यांच्या जागी टॉम हार्डी आल्याने धागा तुटला, घटनाक्रम जुळत नाही आणि दोन तासांच्या पाठलागाला कथा म्हणता येत नाही. नव्याची बाजू घेणारे म्हणतात की तो पाहिल्यावर जुने तिन्ही फिके पडतात, आणि त्यात संगणकीय करामत नसल्यामुळेच तो इतका खरा वाटतो.

मी चित्रपट संकलक आहे. स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म संकलनाच्या जुन्या यंत्र-टेबलावर, फिल्म हाताने कापून आणि टेपने जोडून मी हे काम शिकले, पुढे संगणकावर आले, आणि गेली काही वर्षे नव्या संकलकांना शिकवते आहे. या मालिकेतील चित्रपट मी त्यांच्यासोबत एकेक कट थांबवून पाहिले आहेत. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की पाठलाग कसा कापावा या बाबतीत 'फ्युरी रोड' हा 'मॅड मॅक्स २' च्या निःसंशय पुढे गेला आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय त्या तीस वर्षांच्या विलंबालाच आहे. मात्र प्रेक्षकाला वाट पाहायला लावून आतून हादरवण्याची जी ताकद १९७९ च्या पहिल्या चित्रपटात आहे, ती नंतरच्या कोणत्याही भागात त्या प्रमाणात परत आलेली नाही. म्हणून दुसरा विरुद्ध चौथा अशी लावलेली कुस्ती मला अपुरी वाटते. खरा विचार करण्याजोगा सामना पहिल्याचा आणि चौथ्याचा आहे.

घटनाक्रमाचा मुद्दा लवकर मिटवता येतो. दुसऱ्या चित्रपटाची कथा एक म्हातारा निवेदक सांगतो, आणि तो म्हणजे चित्रपटातला तो रानटी मुलगाच होता, हे आपल्याला अखेरीस कळते. तिसऱ्याच्या शेवटी वाचलेल्या मुलांच्या टोळीतली मुलगी, सॅव्हाना, आपल्या लोकांना ती कथा रोज सांगताना दिसते. म्हणजे मॅक्सच्या आठवणी इतरांच्या तोंडून, पिढ्यांमधून गाळून आपल्यापर्यंत येतात, ही योजना मालिकेत १९८१ पासूनच आहे. गावोगावच्या कीर्तनकारांनी सांगितलेल्या एकाच आख्यानात तपशील बदलतात आणि तरी श्रोत्याला त्यात खोटेपणा वाटत नाही, त्या जातीची ही कथा आहे. दुसऱ्या चित्रपटात नष्ट झालेली मॅक्सची काळी गाडी चौथ्यात पुन्हा दिसते, किंवा पहिल्यात मॅक्सला लहानगा मुलगा असतो आणि चौथ्यात त्याला एका मुलीची छाया छळते, यावर तासन्‌तास खल करणाऱ्यांचे प्रेम मला समजते; पण दिग्दर्शकाने ज्या गोष्टीचे वचनच दिले नव्हते तिचा हिशेब त्याच्याकडे मागण्यात अर्थ नाही.

मॅक्स पाहुणा झाला या तक्रारीचेही तसेच आहे. 'मॅड मॅक्स २' मध्ये तेलासाठी वेढल्या गेलेल्या वस्तीचा संघर्ष त्या वस्तीचा आहे. मॅक्स पेट्रोलच्या सौद्यासाठी तिथे येतो, फार थोडी वाक्ये बोलतो, आणि अखेरीस ज्या टँकरसाठी तो जिवावर उदार होतो त्यात इंधन नसून वाळू भरलेली असते. वस्तीने त्याला आमिष म्हणून वापरलेले असते. नायकाला त्याच्याच पराक्रमाचे खरे प्रयोजन ठाऊक नसणे, यापेक्षा अधिक पाहुणेपण ते कोणते? 'फ्युरी रोड' मध्ये जुलमी सत्ताधीश इमॉर्टन जो याच्या कैदेतल्या पाच स्त्रियांना टँकरमधून पळवून नेणारी फ्युरिओसा पुढे आणि जोचे सैन्य मागे, असा पाठलाग आहे. त्यात दलदलीतल्या रात्री दोन गोळ्या वाया गेल्यावर मॅक्स मुकाट्याने बंदूक फ्युरिओसाच्या हाती देतो आणि नेम धरण्यासाठी आपला खांदा पुढे करतो, तेव्हा तो १९८१ च्या मॅक्सशी तंतोतंत जुळतो. फरक इतकाच की या वेळी ज्यांची लढाई आहे त्यांना, आणि विशेषतः चार्लीझ थेरॉन यांच्या फ्युरिओसाला, पूर्ण वाढलेले व्यक्तिमत्त्व मिळाले आहे, आणि जुन्या चित्रपटांतील वस्तीच्या लोकांना ते फारसे मिळाले नव्हते.

धागा तुटला म्हणणाऱ्यांनी श्रेयनामावलीही नीट वाचावी अशी माझी विनंती आहे. १९७९ मध्ये टोकटर ही खलनायकी भूमिका करणारे ह्यू कीज-बर्न हेच २०१५ मधले इमॉर्टन जो आहेत. या वेळी त्यांचा अर्धा चेहरा मुखवट्याआड आहे आणि सारा अभिनय डोळ्यांतून चालतो. पटकथेचे एक सहलेखक निको लाथुरिस यांनी पहिल्या चित्रपटात गाड्या दुरुस्त करणाऱ्या इसमाची छोटी भूमिका केली होती. विशीच्या उंबरठ्यावर 'मॅड मॅक्स २' मध्ये साहसदृश्ये करणारे गाय नॉरिस 'फ्युरी रोड' मध्ये साहसदृश्यांचे प्रमुख आहेत. नायकाचा चेहरा बदलला, हे खरे. परंतु गाडी कशी उलटवायची, माणूस कुठून कुठे फेकला जायचा, हे ठरवणारे हात तेच राहिले, आणि माझ्या दृष्टीने मालिकेचे सातत्य अशा हातांत असते.

आता मुख्य मुद्दा. 'मॅड मॅक्स २' मध्ये सुमारे १,२०० कट आहेत, तर दोन तासांच्या 'फ्युरी रोड' मध्ये सुमारे २,७००. सरासरी काढली तर पहिल्या ठिकाणी एक शॉट साधारण साडेचार सेकंद टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणी पावणेतीन सेकंदांच्या आत संपतो. या आकड्यांवरून चाहते म्हणतात की नव्या चित्रपटाने घाईघाईच्या आधुनिक संकलनापुढे मान तुकवली. तसे असते तर दोन तासांत आपले डोके दुखले असते आणि कोण कुठे आहे हे कळेनासे झाले असते, जसे गेल्या पंचवीस वर्षांतील अनेक मारधाडपटांत होते. इथे तसे का होत नाही, हे शोधण्यासाठी मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग करायला लावते. पडद्याच्या बरोबर मध्यभागी कागदाची लहानशी टिकली चिकटवायची, ध्वनी बंद करायचा, आणि प्रत्येक कटच्या क्षणी आपली नजर टिकलीपासून किती लांब आहे ते कागदावर नोंदवायचे. 'फ्युरी रोड' च्या पाठलागांत बहुतेक वेळा नजर टिकलीच्या आसपासच सापडते.

हे योगायोगाने झालेले नाही. निवृत्तीतून या चित्रपटासाठी परतलेले छायालेखक जॉन सील आणि त्यांच्या कॅमेरा चालवणाऱ्यांना मिलर यांची सूचनाच होती की महत्त्वाची वस्तू, मग ते नाक असो, बंदुकीची नळी असो वा गाडीचे चाक, चौकटीच्या मध्यावर ठेवायची. कट झाल्यावर डोळ्याला नवी वस्तू शोधत पडदाभर फिरावे लागते, तेव्हा त्या शोधात सेकंदाचा काही अंश खर्च होतो. शॉट लहान असेल तर शोध संपेपर्यंत तोच संपतो, आणि प्रेक्षकाच्या पदरी नुसता गोंधळ पडतो. नवी वस्तू जुन्या वस्तूच्याच जागी उभी राहिली तर तो खर्च जवळजवळ शून्यावर येतो, आणि मग दीड सेकंदाचा शॉटही पूर्ण वाचता येतो. म्हणजे 'फ्युरी रोड' मधले छोटे शॉट चित्रीकरणाच्या वेळीच छोटे होण्यासाठी तयार केलेले आहेत. संकलनाचा वेग कॅमेऱ्यामागे ठरवला गेला, हे माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मला स्वतःला असे चित्रीकरण कारकिर्दीत फार क्वचित मिळाले, आणि पडद्याच्या दोन टोकांना विखुरलेल्या हाणामारीला टेबलावर कितीही कापले तरी ती वाचनीय होत नाही, हे मी अनेक रात्री जागून शिकले आहे.

मॅक्स, फ्युरिओसा आणि जोच्या सैन्यातला तरुण नक्स यांच्या पहिल्या झटापटीचे उदाहरण घेऊ, कारण मला ते या चित्रपटातले सर्वात अवघड संकलन वाटते. मॅक्सच्या तोंडावर लोखंडी जाळी आहे, तो साखळीने बेशुद्ध नक्सला जखडलेला आहे, आणि त्या साखळीबरोबर गाडीचे दारही ओढले जाते आहे. फ्युरिओसाचा कृत्रिम हात जागेवर नाही. बाजूला पाच स्त्रिया आहेत, त्यांच्याकडे साखळी तोडण्याचे हत्यार आहे, दूरवर पाठलाग करणाऱ्यांची धूळ दिसते आहे, आणि मध्येच नक्स शुद्धीवर येतो. बंदूक कोणाच्या हातात आहे, साखळी कोणत्या बाजूला ताणली आहे, टँकर पाठीशी आहे की समोर, यांपैकी एकही गोष्ट एकदाही निसटत नाही. साखळी हे या दृश्याचे व्याकरण आहे, असे मी वर्गात सांगते: तिच्यामुळे दोन माणसांमधले अंतर कायम मोजता येते, आणि कट कितीही झाले तरी ते अंतर प्रेक्षकाच्या मनातून पुसले जात नाही. संवाद जवळजवळ नाहीत, आणि तरीही दृश्य संपताना कोण कोणावर किती विश्वास ठेवू शकेल हे आपल्याला कळलेले असते. कथा नाही म्हणणाऱ्यांनी हे दृश्य आवाज बंद करून पाहावे.

'मॅड मॅक्स २' चा शेवटचा पाठलाग याच्या शेजारी ठेवला की दुसरी तत्त्वे दिसू लागतात. छायालेखक डीन सेम्लर यांनी ब्रोकन हिलच्या परिसरातील सपाट, ओसाड रस्ता रुंद पडद्यावर आडवा पसरला, आणि प्रेक्षकाची नजर डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत मोकळी फिरू दिली. डोळ्याला धोका शोधावा लागतो आणि कधीकधी तो अर्धा क्षण उशिरा सापडतो. त्या उशिरामुळे मात्र भीती वाढते, कारण रस्त्यावरचा खरा अपघातही माणसाला असाच, किंचित उशिरा दिसतो. त्या चित्रपटात मोटारसायकलवरून उडून हवेत कोलांट्या घेत जाणारा एक माणूस आहे. तो शॉट ठरल्याप्रमाणे झालेला नव्हता, साहसवीराचा पाय त्यात मोडला, आणि तरी तो चित्रपटात राहिला. जुन्या चित्रपटाचे चाहते ज्याला वजन म्हणतात ते हेच आहे, आणि त्या शब्दात तथ्य आहे. 'फ्युरी रोड' मध्ये नजरेला मार्ग इतका स्वच्छ करून दिलेला आहे की धोका दिसतो, कळतो, थक्क करतो, पण चकवत नाही. स्पष्टता मिळवताना ही एक गोष्ट हातची गेली, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तरीही लांबच लांब हालचालीला आरंभ, मध्य आणि कलाटणी देण्याचे कौशल्य तोलले, तर नव्या चित्रपटाचे पारडे जड आहे. जुन्यात पाठलाग हा कथेचा कळस आहे, नव्यात पाठलागातच माणसे एकमेकांना ओळखतात, तह करतात, शोक करतात आणि दिशा बदलतात.

उशिराने हे कसे साध्य केले, ते सांगणे आवश्यक आहे, कारण उशिरा आलेला पुढचा भाग म्हणजे जुन्या नावावर केलेली कमाई, असा एक सरसकट समज आहे. मिलर यांचा बेत खरे तर शतकाच्या सुरुवातीचा होता. २००३ मध्ये नामिबियात, मेल गिब्सन यांनाच घेऊन, चित्रीकरण होणार होते. अमेरिकी डॉलर घसरला, इराकचे युद्ध सुरू झाले आणि बेत कोसळला. पुढे ब्रोकन हिलला परतायचे ठरले, तर तिथे वर्षानुवर्षांच्या कोरड्या जमिनीवर इतका पाऊस पडला की उजाड माळरान रानफुलांनी भरून गेले. अखेर २०१२ मध्ये नामिबच्या वाळवंटात कॅमेरा उभा राहिला. या सगळ्या काळात चित्रपट कागदावर मात्र चालूच होता: रूढ पटकथेऐवजी सुमारे साडेतीन हजार चित्रचौकटींची चित्रमालिका तयार झाली होती. दहा-बारा वर्षे ज्याच्या डोक्यात एकेक चौकट घोळते आहे अशा दिग्दर्शकाच्या हातूनच मध्यबिंदूची ती शिस्त पाळली जाऊ शकते.

त्या शिस्तीतूनही सुमारे ४८० तासांचे चित्रीकरण उरले, म्हणजे रात्रंदिवस न थांबता पाहायचे म्हटले तर वीस दिवसांचे. ते मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढे आले. त्या मिलर यांच्या पत्नी आहेत आणि त्यांनी तोवर एकही मारधाडपट संकलित केलेला नव्हता. एखाद्या पुरुषाने हा चित्रपट संकलित केला असता तर तो इतर मारधाडपटांसारखाच दिसला असता, म्हणून आपण त्यांना विचारले, असे मिलर यांनी सांगितले आहे. चित्रीकरण नामिबियात चालू असताना त्या सिडनीत बसून काम करत होत्या. हे अंतर मला फार मोलाचे वाटते. एखादा शॉट घेण्यासाठी किती माणसांनी किती उन्हात घाम गाळला हे संकलकाने पाहिलेले नसले, तर तो शॉट टाकून देताना त्याचा हात थरथरत नाही. २०१६ च्या ऑस्कर समारंभात या चित्रपटाला दहा नामांकनांपैकी सहा पुरस्कार मिळाले आणि त्यांतला एक सिक्सेल यांच्या संकलनाला होता. त्या पुरस्काराचा मला झालेला आनंद आजही ताजा आहे.

ध्वनीबाबत एकच निरीक्षण नोंदवते. पहिल्या दोन चित्रपटांना ब्रायन मे या ऑस्ट्रेलियन संगीतकाराचे वाद्यवृंदाचे संगीत आहे, आणि ते बाहेरून दृश्यावर चढवलेले आहे. 'फ्युरी रोड' मध्ये ढोल बडवणारे आणि ज्वाळा ओकणारी गिटार वाजवणारा माणूस सैन्याच्याच गाडीवर स्वार आहेत. रणवाद्ये सैन्याबरोबर चालत असत ती परंपराच इथे वापरली आहे, आणि तिचा उपयोग नुसत्या दिमाखासाठी नाही. गिटार मोठी ऐकू आली की शत्रू जवळ आला, ती विरली की मागे पडला, असा अंतराचा हिशेब कानांनीही करता येतो, त्यामुळे संकलकाला मागे वळून शत्रू दाखवण्याची गरज कित्येकदा उरत नाही.

संगणकीय करामत नाही, हा नव्या चित्रपटाच्या चाहत्यांचा दावा मात्र खरा नाही, आणि तो सोडून द्यावा. गाड्या खऱ्या बांधल्या होत्या, त्या खऱ्या आदळल्या, आणि लवचीक खांबांवर झुलणारी माणसे खरोखर धावत्या गाड्यांवर झुलली. पण चित्रपटात दृश्यपरिणामांचे सुमारे दोन हजार शॉट आहेत: सुरक्षेच्या तारा पुसल्या गेल्या, आकाशे बदलली गेली, धुळीचे वादळ रचले गेले, फ्युरिओसाचा हात काढला गेला. दिवसा चित्रित केलेली दृश्ये रंगसंस्करणात निळी रात्र झाली. शिवाय जॉन सील यांनी सांगितल्याप्रमाणे निम्म्याहून अधिक चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींच्या नेहमीच्या गतीने धावतच नाही. कुठे चौकटी गाळल्या आहेत, कुठे वाढवल्या आहेत. जे घडले ते खरे होते आणि जे दिसते ते घडवलेले आहे, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करण्यात काहीच कमीपणा नाही. १९७९ मध्येही कॅमेऱ्याची गती कमी ठेवून गाड्या अधिक वेगवान दाखवल्या होत्याच.

१९८५ च्या 'बियाँड थंडरडोम' वर मी थोडक्यात बोलते. निर्माते आणि मिलर यांचे सहकारी बायरन केनेडी १९८३ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, आणि त्यानंतर मिलर यांनी तिसरा चित्रपट जॉर्ज ओगिल्वी यांच्यासह दिग्दर्शित केला. घुमटातली लवचीक दोरांवरची लढत आणि टीना टर्नर यांची आंटी एंटिटी या दोन गोष्टींसाठी तो पाहावा. मुलांच्या टोळीकडे कथा वळल्यावर ताण सैल होतो, आणि तो पुढे सावरत नाही. चौथ्याची तुलना याच्याशी कोणी गंभीरपणे करत नाही, ते योग्यच आहे.

उरतो पहिला चित्रपट. साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या आसपासच्या भांडवलात, मेलबर्नच्या परिसरातील रस्त्यांवर तो झाला. मिलर तेव्हा डॉक्टर होते. इस्पितळात आणलेली अपघातग्रस्त माणसे त्यांनी रोज पाहिली होती, आणि तातडीच्या रुग्णांवर उपचार करून मिळवलेला पैसा त्यांनी या चित्रपटात घातला. मला वाटते, त्या चित्रपटातील हिंसेचे स्वरूप याच अनुभवातून आले आहे. डॉक्टरसमोर धडक येत नाही, धडकेनंतरचे शरीर येते. म्हणून इथे आघात अनेकदा कटच्या आत लपवलेला आहे आणि पडद्यावर त्याचा परिणाम उरतो. पोलीस असलेला मॅक्स आपल्या जळालेल्या सहकारी मित्राला, गूसला, भेटायला इस्पितळात जातो, चादर उचलतो, आणि आपण चादरीखालचा चेहरा न पाहता मॅक्सचा चेहरा पाहतो. मॅक्सची ओळखही अशीच टप्प्याटप्प्याने होते: आधी बूट, हातमोजे, गॉगल, दूरवरचा पाठलाग रेडिओवर ऐकत थांबलेला माणूस, आणि चेहरा सर्वात शेवटी.

या चित्रपटात सूडाला फक्त अखेरची पंधरा-वीस मिनिटे मिळतात. त्याआधी कुटुंबाची सुट्टी, समुद्रकिनारा, शेतावरची वस्ती, जंगलात कोणीतरी असल्याची चाहूल, असा बराच वेळ जातो, आणि त्यात घडते फार थोडे. आजचा निर्माता हा भाग कापायला सांगेल, हे मी अनुभवावरून सांगू शकते. तो कापला की पुढचे दृश्य मरते. मॅक्सची पत्नी जेसी मुलाला कडेवर घेऊन सरळ, रिकाम्या रस्त्यावर धावते आहे, मागून मोटारसायकली येतात, आणि मग रस्त्यावर येऊन पडतात एक चेंडू आणि एक लहान बूट. आघात दाखवलेला नाही. त्यानंतर मॅक्स त्याच रस्त्यावरून धावत येतो, आणि तो पोहोचेपर्यंत संकलक आपल्याला धरून ठेवतो. त्या अंतराला जितका वेळ लागतो तितका दिला आहे, आणि माणूस आपल्या माणसांपर्यंत वेळेत पोहोचू शकला नाही ही गोष्ट त्या वेळेनेच सांगितली आहे.

'फ्युरी रोड' मध्ये याला समांतर एक क्षण आहे, आणि या दोन क्षणांची तुलना मी कोणाच्याच तोंडून ऐकलेली नाही. पळालेल्या पाच स्त्रियांपैकी गर्भवती अँघरॅड धावत्या टँकरवरून घसरते. क्षणापूर्वीच मॅक्सने तिला अंगठा दाखवून शाबासकी दिलेली असते. ती पडते, इमॉर्टन जो तिला चुकवण्यासाठी गाडी वळवतो आणि ती गाडीच उलटते. आत बसलेल्या स्त्रिया परत फिरण्यासाठी आक्रोश करतात. ती चाकाखाली गेली, इतकेच मॅक्स सांगतो, आणि फ्युरिओसा टँकर पुढे हाकत राहते. इथेही आघात आपल्याला नीट दाखवलेला नाही, इथेही रस्ता, चाके आणि पोटचे मूल आहे. पण १९७९ चा मॅक्स मागे धावत गेला होता, तर इथे कोणालाही मागे जाता येत नाही. हा फरक केवळ गतीचा आहे असे काही काळ मला वाटत होते, आणि मी त्याला नव्या चित्रपटाची उणीव समजत होते. दृश्य पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माझे मत बदलले. थांबले की सगळेच मरतील, या परिस्थितीत दुःखासाठी शॉट राखून न ठेवणे हाच तिथला सच्चेपणा आहे, आणि फ्युरिओसाच्या चेहऱ्यावर तो निर्णय होतानाचा क्षण पुरेसा लांब ठेवलेला आहे.

तरीही राखून ठेवलेले दुःख कुठेतरी बाहेर पडावे लागते, आणि चित्रपट त्यासाठी एकच खरी जागा देतो: ज्या हिरव्या भूमीच्या आशेवर सारा प्रवास केला ती आता उरलेली नाही हे कळल्यावर फ्युरिओसा सगळ्यांपासून दूर वाळूत चालत जाते, कृत्रिम हात काढून टाकते आणि गुडघ्यांवर कोसळते. वारा, वाळू आणि एक आकृती. पाठलागाचा वेग सोसलेल्या प्रेक्षकाला तो विराम विलक्षण मोठा वाटतो. पहिल्या चित्रपटाने जे काम बहुतेक पूर्ण लांबी वापरून केले, ते इथे एका शॉटच्या बळावर करायचा प्रयत्न आहे. तो प्रयत्न फळला आहे असे मी म्हणेन, आणि तरीही पहिल्यातली कणाकणाने साचत जाणारी भीती या एका शॉटमध्ये मावत नाही, हेही म्हणेन. दलदलीतल्या धुक्यात मॅक्स एकटा निघून जातो, दूर एक भडका दिसतो आणि तो रक्ताने माखून परत येतो, तिथे मात्र पहिल्या चित्रपटाच्या संकलनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मालिकेतला सर्वात वेगवान चित्रपट आपली एक मोठी लढाई दाखवायचीच नाही असे ठरवतो, आणि आपण धुक्याकडे पाहत बसतो.

ज्यांना हे स्वतः तपासायचे असेल त्यांनी 'फ्युरी रोड' ची २०१६ मध्ये आलेली कृष्णधवल आवृत्ती आधी पाहावी. 'मॅड मॅक्स २' चे संगीत तयार होत असताना मिलर यांनी त्याची कृष्णधवल कामचलाऊ प्रत पाहिली होती आणि तोच त्या चित्रपटाचा सर्वोत्तम अवतार आहे असे त्यांचे मत झाले होते. नव्याची ही आवृत्ती त्या आठवणीतून आली. नारिंगी वाळू आणि निळे आकाश निघून गेले की कटची जोडणी उघडी पडते. त्याच दिवशी, शक्य असल्यास ऑस्ट्रेलियन उच्चारांच्या मूळ ध्वनिपटासह, पहिला चित्रपट पाहावा, कारण अमेरिकेत तो प्रथम दाखवला गेला तेव्हा अमेरिकी आवाजांत पुन्हा ध्वनिमुद्रित केला होता आणि त्यात माणसांचा निम्मा स्वभाव हरवला आहे. मग चेंडू आणि बूट रस्त्यावर पडतो तिथे थांबावे, अँघरॅड घसरते तिथे थांबावे, आणि प्रत्येक ठिकाणी पुढचा कट किती वेळाने येतो ते हातातल्या घड्याळावर मोजून पाहावे.